दुसऱ्या सीटचं वजन

विमानाच्या तिन्ही चाकांखालच्या काट्यांवरचे आकडे वैमानिक सेल्वमने वाचले, बेरीज केली, त्यातून रिकाम्या विमानाचं वजन वजा केलं आणि तुझं वजन मोठ्याने सांगितलं. तू टाळी वाजवलीस. विमानात बसल्याबसल्या, हात डोक्याच्या वर नेऊन.

"बघ वैनी! आता तू बसलीस तरी चालतंय. शिवणाची पेटी मांडीवर घेऊन बसलीस तरी चालतंय!"

सेल्वम हसला नाही. त्याने पुन्हा बेरीज केली. मग म्हणाला, "राव सार, काट्यांत काहीतरी चूक आहे. तुम्ही जरा उतरा." तू उतरलास. तो स्वतः चढून बसला. दारातून आडवा शिरणारा माणूस तो, त्याचं वजन जेवढं असायला हवं तेवढंच भरलं. मग मंडीवाल्याने काटे देताना तपासायला म्हणून जे तांदळाचं पोतं बरोबर दिलं होतं, ते सीटवर ठेवलं. पोत्यावर पंचवीस लिहिलं होतं, काट्यांवर पंचवीस आलं. काटे बरोबर होते.

तू अजून हसतच होतास. शेडमध्ये उकडत होतं म्हणून शर्ट काढून खांद्यावर टाकला होतास. तू पाठमोरा वळलास आणि मी बघितलं. पंखावर कापड ताणून बसवलं की खालच्या लाकडी फासळ्या वरून मोजता येतात. तशी तुझी पाठ होती. इतके दिवस शर्ट आणि कमरेला गुंडाळलेल्या वेष्टीत मला काही दिसलं नव्हतं. पँट घालत असतास तर मीच कंबर आत घेऊन दिली असती आणि तेव्हाच कळलं असतं. वेष्टीला माप नसतं.

मी म्हणाले, "उद्या डॉक्टर."

तू म्हणालास, "उद्या इंजिन चालवून बघायचंय."

सेतू, हे मी आपल्या अक्षरांत लिहिते आहे. माझी शाळा पाचवीपर्यंत, तीही तमिळ. ही अक्षरं वडिलांनी घरी पाटीवर शिकवली. शहरात मराठा राजांच्या राजवाड्यामागच्या गल्लीत आपली भाषा बोलणारी घरं अजून आहेत, वाचणारी राहिली नाहीत. माझी मुलगी चेन्नईत असते, तिला सगळं समजतं, बोलते अर्धं, वाचत नाही. नातवाला मी मराठीत रागावले की तो तमिळमध्ये उलट उत्तर देतो. या घरात हे वाचणारी माणसं दोन, एक मी आणि एक तू. तेव्हा लिहायचं तर तुलाच. तिकडे पुण्यामुंबईकडच्या कोणी वाचलं तर वाचोत.

लोक भेटायला येतात आणि तुझं मोठेपण सांगतात. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये किती वर्षं शिकवलंस, किती पोरं हाताखालून गेली, कोण कुठे साहेब झाला. ते त्यांनी सांगावं, मी कॉफी देते. मला तुझ्याशी वेगळं बोलायचंय. आपलं भांडण अर्धं राहिलंय.

निवृत्त झालास त्या दिवशी सत्काराची शाल खुंटीला टांगून तू कॉफीला बसलास आणि म्हणालास, "वैनी, मी विमान बांधणार."

मला वाटलं शोभेचं. "कुठे ठेवणार? कपाटात जागा नाही."

"बसायचं विमान. दोन सीटचं."

"दुसरी कोणाची?"

"तुझी."

"मला विचारलंस?"

"विचारलं तर नाही म्हणशील. म्हणून विचारत नाही."

माझे यजमान, तुझे अण्णा, जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. तू लग्न केलं नव्हतंस. म्हातारी भावजय आणि म्हातारा दीर एका घरात राहतात, यावर तिरुवैयारुला आपल्या रस्त्याने बोलायचं तेवढं बोलून घेतलं होतं आणि शेवटी कंटाळून सोडून दिलं होतं. मग रस्त्याला बोलायला विमान मिळालं. घरामागे केळीच्या बागेत शेड उभी राहिली, लाकूड आलं, परवानगीसाठी तू हेलपाटे घातलेस, आणि लोक येऊन विचारू लागले की हे पक्कं उडणार का. मी सांगायचे, मला काय विचारता, मला फक्त मागे बसायचंय. मागे नव्हतंच, शेजारी शेजारी सीटा होत्या. पण तेव्हा मला माहीत नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात तू माझ्या स्वयंपाकघरातला छोटा काटा नेलास. त्यावर मी लोणच्याचं मीठ तोलायचे. "नवा येईपर्यंत," म्हणालास. तो परत आला नाही. तेव्हापासून या घरातलं लोणचं अंदाजाने होतं आणि दर वर्षी तूच म्हणायचास, मीठ जास्त झालं.

विमान एकदम जड होत नाही, तू सांगायचास. चिमटीचिमटीने होतं. इथे गोंद थोडा जास्त, तिथे स्क्रू थोडा लांब, असू दे म्हणून एक जादा पट्टी. कोणी विमानात धोंडा टाकत नाही. सगळे चिमूटभर टाकतात आणि मग ते जमिनीवरून उठत नाही. म्हणून तू बोल्टची बाहेर आलेली टोकं कापायचास. वाळलेला गोंद खरवडायचास. धातूच्या पट्ट्यांना भोकं पाडायचास. मी म्हणाले, "मजबुती जाईल." तू म्हणालास, "जिथे जोर येत नाही तिथलंच काढतोय. तुझ्या इडलीच्या ताटाला भोकं आहेत, इडली खाली पडते का?"

काढलेलं सगळं एका बिस्किटाच्या डब्यात जायचं. बोल्टांची टोकं, लाकडाच्या ढलप्या, पत्र्याच्या चकत्या, माझे दोऱ्यांचे तुकडे. माणसं विमान बघायला यायची आणि तू त्यांना विमानात नसलेलं दाखवायचास. डबा हलवून वाजवायचास. "एवढं खाली राहिलं," म्हणायचास. लोक माझ्याकडे बघायचे. मी दुसरीकडे बघायचे.

पंखांचं शिवण माझं. आयुष्यभर मी ब्लाउज शिवले, पण पंख शिवण्याइतकं सरळ काम मला कोणी दिलं नव्हतं. पंख उभा करून ठेवायचा, कापड चिकटवायचं, गरम इस्त्रीने ताणायचं आणि मग लांब सुईने एकेका फासळीला टाके घालायचे. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तू. मी सुई आरपार घालायची, तू पलीकडून ओढून परत धाडायची. मधे कापड. तू दिसायचा नाहीस, नुसता आवाज यायचा. समोरासमोर बसून आपण कधी फार बोललो नाही. तू जेवताना रेडिओ लावायचास. त्या पंखाआडून मात्र बोललो.

"वैनी, गाठ मोठी झाली."

"तुला तिकडून कशी दिसली?"

"बोटाला लागली."

"लहान घातली तर सुटेल. सुटली तर पडू."

"पडायला आधी उठायला पाहिजे. असल्या गाठी घातल्यास तर उठायचंच नाही."

एकदा मी विचारलं, "अण्णा असते तर दुसरी सीट त्यांना दिली असतीस का?" पलीकडे सुई थांबली. मग तू म्हणालास, "अण्णा नव्वद किलो होते." आणि सुई परत आली. मी हसले. तू हसलास की नाही ते कापडामुळे कळलं नाही.

आता रंगाचं. यावर आपण सगळ्यात जास्त भांडलो.

विमान आधी पांढरं होतं. पातळ रंग, हात आवरून मारलेला, कारण रंगालाही वजन असतं हे तूच मला शिकवलंस. मग कुंभकोणमहून अक्का आली. तुझी मोठी बहीण, तिच्यापुढे तुझे अण्णाही बसत नसत. शेडमध्ये जाऊन तिने विमानाला प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, "शुभ कामाला पांढरं? पांढरं कोणाचं असतं?" असं म्हणून माझ्याकडे बघितलं, आणि मग बघितलंच नाही असं केलं. मी पांढरं नेसत नाही. पण अक्काच्या डोळ्यांना मी पांढरीच दिसते. त्याची मला सवय आहे, मी चुलीवरची वांग्याची रसवांगी ढवळायला आत गेले.

अक्का परत गेल्यावर दोन दिवसांत तू पिवळा रंग आणलास. हळदीसारखा पिवळा. आधीचा पांढरा न काढता त्याच्यावर मारलास, आणि पांढरा खालून दिसतो म्हणून पुन्हा मारलास, आणि पुन्हा. डिंकाचा थेंब खरवडणारा माणूस तू! शेपटीला रंग जास्त बसला, शेपटी जड झाली, तोल मागे गेला, म्हणून नाकात शिसं घालावं लागलं. रंगाचं वजन, आणि रंगाच्या वजनाला तोलणारं वजन. सेल्वमने कागदावर हिशेब केला आणि डोकं हलवलं. तू एकटा बसलास तर ठीक. दोन माणसं आणि पुरेसं पेट्रोल, नाही.

मी म्हणाले, "दुसरी सीट काढ. तेवढंच वजन कमी."

"मग बांधलं कशाला?"

"तुझ्यासाठी बांधलंस. मला पुढे करू नकोस."

"सीट राहणार."

"मग रंग काढ. अक्काला घाबरून तर लावलास."

 कितीतरी दिवस मी तुला टोचत राहिले, बहिणीने डोळे वटारले आणि याने शिसं गिळलं. तू ऐकून घ्यायचास. खरं कारण मला परवा, अक्का तुझ्या तेराव्याला आली तेव्हा सुचलं. ती शेडकडे गेली आणि म्हणाली, "अरे, पिवळं केलं होतं?" तिला माहीतच नव्हतं. अक्कासाठी रंगवलं असतंस तर अक्काला बोलावून दाखवलं असतंस. मी ज्यात बसणार ते पांढरं नको, असं तुझं तुलाच वाटलं होतं तर एकदा बोलायचं होतंस. मी तेव्हाही म्हटलंच असतं की हा वेडेपणा आहे. पण तो अक्काच्या नावावर तरी घातला नसता.

मग तू भात सोडलास. मी म्हणाले होते, रंग खरवडायचा नसेल तर स्वतःचं पोट खरवड. मला वाटलं तू तेच मनावर घेतलंस. अर्धी इडली, ताक, एक केळं. मी ताट वाढायचे, तू परत करायचास. "विमानासाठी," म्हणायचास. सेल्वम कौतुक करायचा, शेजारचे करायचे. सेतूराव या वयात किती सडसडीत झाले! तू ताठ चालायचास. काट्यांच्या त्या दिवसापर्यंत.

इंजिन चालवून झाल्यावरच तू डॉक्टरकडे आलास, तेही मी रिक्षा दाराशी आणून उभी केली म्हणून. डॉक्टर तरुण मुलगी होती, आपल्याशी नीट बोलली. पोटातली गाठ पसरली होती. तिने विचारलं, भात कधीपासून बंद केला? तू सांगितलंस. ती म्हणाली, तुम्ही बंद केला नाही, तो जात नव्हता. तू खिडकीकडे बघितलंस.

तुला आधीच माहीत होतं का, हे विचारायचं राहिलं. रोज सकाळी विचारीन म्हणायचे, रोज दुसरंच काहीतरी बोलायचे. मी स्वतःला दोष देत बसलेली नाही. मी डॉक्टर नाही, आणि तू लहान नव्हतास. तुलाही दोष अर्धाच देते.

विमान आता स्वतः चालवायचं नाही, हे तुझं तूच ठरवलंस. "हात चुकला तर कोणाच्या तरी शेतात पडेन. त्याचं भाताचं पीक कशाला खराब?" सेल्वम जन्मभर विमानं चालवलेला माणूस, इंजिन चाललं त्या आठवड्यात आपलंही त्यानेच पहिल्यांदा एकट्याने उडवून बघितलं होतं. आता तोच चालवणार. पण तो तुझ्या दुप्पट. त्याच्या शेजारी अगदी हलकं माणूस बसलं तरच हिशेब जमत होता. तू बसू शकत होतास. मी नाही.

दुसऱ्या दिवशी बघते तर तू स्टुलावर बसून पॉलिशपेपरने पंखावरचा पिवळा रंग घासतोयस. चार हात मारायचे, धापा टाकायच्या, पुन्हा चार हात. वेष्टी पिवळी, भुवया पिवळ्या.

"काय चाललंय?"

"तीन थर काढले, नाकातलं शिसं काढलं, की सेल्वम आणि तू."

"आणि तू?"

"मी खालून बघतो."

हात हळूच चालवावा लागत होता, नाहीतर खालचं कापड कापलं जाईल. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नव्हतास. महिनाभर घासलं असतंस तरी एक पंख झाला नसता, आणि तेवढा वेळ तुझ्याजवळ नव्हता, हे मला दिसत होतं आणि तुलाही. मी म्हणाले, तू बस. तू म्हणालास, तू बस. सेल्वम मधे पडायला आला, त्याला आपण दोघांनी मिळून गप्प केलं.

तेव्हा मी तुझ्या हातातला पॉलिशपेपर काढून घेतला आणि म्हणाले, "मला यायचं नाही. मला कधीच यायचं नव्हतं. तू विचारलं नाहीस म्हणून मी सांगितलं नाही. उंचावर मला चक्कर येते."

"माळ्यावर चढून पितळी भांडी काढतेस तेव्हा नाही येत?"

"माळा उडत नाही."

"इतकी वर्षं मी चिमूट चिमूट कोणासाठी काढत होतो?"

"मी सांगितलं होतं काढायला?"

  संध्याकाळी सेल्वमला म्हणालास, "मीच बसतो. आमची वैनी भित्री आहे." मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणालास.

लॉरीने विमान पुन्हा गावाबाहेरच्या बंद कारखान्याच्या जुन्या धावपट्टीवर नेलं, पंख जोडले. तुला दोघांनी धरून सीटवर बसवलं. पट्टा मी बांधला. तो सगळ्यात आतल्या भोकापर्यंत ओढूनही सैल राहिला, तेव्हा मी माझा टॉवेल घडी करून तुझ्या पोटाशी कोंबला. तू म्हणालास, "वैनी, टॉवेलचं वजन." मी म्हणाले, "तोंड मिट."

अर्ध्या धावपट्टीतच विमान उठलं. मी छत्री धरून उभी होते. नारळांच्या वर गेलं, कावेरीकडे वळलं आणि अर्धवट खरवडलेला तो पंख उन्हात दिसला, मधेच पांढरा, मधेच पिवळा, खरूज झाल्यासारखा. मग दिसेनासं झालं. मी तिथेच उभी राहिले. कोणीतरी खुर्ची आणली, मी बसले नाही.

उतरल्यावर तू आधी डोळे पुसलेस. वाऱ्याने पाणी आलं, म्हणालास. मग म्हणालास, "वैनी, न्हाणीघरावरची कौलं फुटलीत. पावसाआधी माणूस बोलाव."

"आणखी काय दिसलं?"

"सगळं."

"सगळं म्हणजे काय?"

"आली असतीस तर कळलं असतं."

एवढंच. नंतर मी किती वेळा विचारलं. वेदना जास्त असायची तेव्हा तुझं लक्ष दुसरीकडे जावं म्हणूनही विचारलं. देवळाचं गोपूर किती मोठं दिसतं? नदीत पाणी होतं का? आपली विहीर दिसली? तू डोळे मिटूनच म्हणायचास, भित्र्या माणसांना सांगत नाही. मनातून तुला मजा वाटायची. मीही विचारत राहिले.

मला यायचं होतं, सेतू. पहिल्या दिवशी कॉफी पिताना तू "तुझी" म्हणालास तेव्हापासून यायचं होतं. लग्न होऊन आले तेव्हापासून मी या कौलांखाली आहे, ती वरून कशी दिसतात ते मला बघायचं होतं. त्यासाठीच टाके घातले, गाठी लहान केल्या, काटा दिला. चक्कर मला कधी आली नाही. हे तेव्हा सांगितलं असतं तर तू पॉलिशपेपर सोडला नसतास आणि त्या स्टुलावरच संपला असतास. म्हणून खोटं बोलले. पुन्हा वेळ आली तर पुन्हा बोलेन. तू मला भित्री समजून गेलास, ते मला चालतं. चालतं म्हणजे, चालवून घेते.

सेल्वम परवा म्हणाला, अम्मा, रंग मी काढून घेतो, तुम्ही एकदा बसा. मी म्हणाले, बघू. भांडण तुझ्याशी आहे, त्याला काय उत्तर देऊ. कौलांना माणूस येऊन गेला. न्हाणीघरावरची खरंच फुटली होती.

तू दुपारी गेलास. त्याआधी पेज मागितलीस. मी कॉफीच्या पसरट वाटीत, डबऱ्यात, गार करून आणली, दोन घोट घेतलेस आणि म्हणालास, मीठ जास्त झालं. मी म्हणाले, काटा कोणी नेला? तू ओठ हलवलेस, आवाज आला नाही. मी वाकून कान जवळ नेला, तरी आला नाही. थोडा वेळ तशीच वाकून राहिले. मग डबरा खाली ठेवला आणि तुझे डोळे मिटले. घरात आपण दोघंच होतो. मी दार उघडून बाहेर आले.